हातझाडे मॅडम आणि तलावातला गाळ

आडनाव हातझाडे, पण या बाईंनी हात झाडलेले मी कधी पाहिले नाहीत. हात कायम मातीने भरलेले. नखांत माती, बांगड्यांच्या फटीत माती, घड्याळाच्या पट्ट्याखाली माती. कॉलेजच्या मस्टरवर सही करताना सहीशेजारी अंगठ्याचा ठसा आपोआप उमटायचा. ऑफिसमधले बाबू म्हणायचे, "मॅडम, दस्तखत करो, अंगूठा मत लगाओ." मॅडम म्हणायच्या, "दोन्ही ठेवा. एक खोटं निघालं तं दुसरं कामी येईन."

गोंदियाच्या आमच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या आणि मी मराठी. मी सांगलीकडची. नोकरी लागून आले तेव्हा गोंदियात ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. प्राचार्यांनी सांगितलं की हातझाडे मॅडमच्या घरी वरची खोली रिकामी आहे, पाहून या. मी गेले. फाटक उघडंच होतं. आत पडवीभर स्टीलच्या ताटल्या मांडलेल्या आणि प्रत्येकीत काहीतरी वाळत घातलेलं. मला वाटलं पापडाचं पीठ असेल. मी एका ताटलीवरून पाय उचलून पुढे टाकणार, इतक्यात घरातून आवाज आला.

"सांभाळ वो पोरी! डाव्या पायाखाली बोदलकसा हाये. अन् उजवा पाय बिरसीत ठेवू नोको."

एका पायावर उभी राहून मी घरमालकिणीचं पहिलं दर्शन घेतलं. ठेंगण्या, रुंद, केसांचा घट्ट अंबाडा, साडीचा पदर कमरेला खोचलेला आणि हातात पिठाची चाळणी. चाळणीतून काळी भुकटी गळत होती. "बोदलकस्याच्या तलावाचा गाळ हाये तो," त्या म्हणाल्या, "अन् हे बिरसीच्या धानाच्या बांधीतली माती. तुले खोली पाह्याची असन तं भिंतीच्या कडेकडेनं ये."

मी कडेकडेने गेले, खोली पाहिली आणि राहिले.

त्यांचा विषय एका वाक्यात सांगायचा तर असा: फवारणीची औषधं, रंग, तेलं, डांबर, धुरातली काजळी, असली सगळी रसायनं मातीच्या आणि गाळाच्या कणांना कशी जाऊन बसतात आणि बसली की का उठत नाहीत. त्यावर त्यांनी पीएच.डी. केली होती. तो प्रबंध घरात टीव्हीखाली टेकू म्हणून होता. वर्गात मात्र त्या तो असा सांगायच्या की मागच्या बाकावरची मुलंही मोबाइल खाली ठेवायची.

"मीठ टाकलं पान्यात तं ते पान्याचं होऊन जाते. तेल टाकलं तं? ते पान्याचं होत नाई. ते बसाले जागा पाह्यते. अन् माती त्याले जागा देते. रेतीत जागा कमी. काळ्या गाळात कुजलेला पाला रायते, चिकन माती रायते, तिथं त्याले गादी-लोड सारं भेटते. एकदा बसला पाहुना, की मंग उठतच नाई."

मग त्या निळ्याशार रंगाच्या पाण्याच्या दोन बाटल्या काढत. एकीत नदीची रेती टाकत, दुसरीत तलावाचा वाळलेला गाळ. खडखडा हलवून टेबलावर ठेवत. रेतीचं पाणी निळं ते निळंच. गाळाच्या बाटलीत थोड्या वेळाने वर स्वच्छ पाणी. रंग गाळाने धरून ठेवलेला. दर वर्षी कोणीतरी विचारायचं, "मॅडम, पी सकते क्या?"

"तू पे. मी पाह्यतो," मॅडम म्हणायच्या. तिकडच्या बायका 'मी जाते' म्हणत नाहीत, 'मी जातो' म्हणतात. मी मराठीची प्राध्यापक म्हणून सुरुवातीला मला ते खटकलं. पुढे सांगलीला गेल्यावर मीच "मी येतो" म्हणाले आणि आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

घरात मॅडमच्या खालोखाल हातझाडे काका. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, अंगाने सडपातळ, बोलणं हिंदी-मराठी मिसळलेलं आणि इतक्या हळू आवाजात की विनोद केला आहे हे वर खोलीत गेल्यावर लक्षात यायचं. मॅडम गाळ भट्टीत भाजायच्या, त्यातला कुजलेला पाला जाळून टाकायचा आणि मग तोच गाळ औषध धरतो का ते पाहायचं, असा काहीतरी प्रयोग होता. कॉलेजची भट्टी बिघडली की हा उद्योग घरच्या गॅसवर चाले. काका माझ्या जिन्याशी येऊन म्हणायचे, "आज हमारे यहां दो सब्जी हैं. एक वांगं आणि एक नवेगावचा तलाव."

या भाजलेल्या गाळाने एकदा घरात प्रसंगच आणला. मॅडमने तो चाळून कॉफीच्या रिकाम्या बरणीत भरून ठेवला होता. त्या कॉलेजात असताना काकांचे जुने साहेब सपत्नीक आले. काकांनी हौसेने स्वतः कॉफी केली. दूध, साखर, वेलची, सगळं घातलं. साहेब प्यायले. म्हणाले, "हातझाडे, थोड़ी कड़क है." त्यांच्या पत्नीने तर कुठून आणता म्हणून विचारलं. काका म्हणाले, मिसेस घेऊन येतात, मला पत्ता माहीत नाही. तेवढ्यात मिसेस आल्या. बरणी पाहिली, कप पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"अर्धा नवेगाव पेऊन टाकला तुम्ही!"

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. मॅडमना त्यांची दया नाही आली, नमुना गेल्याचं दुःख झालं. मग भान आल्यावर म्हणाल्या, "घाबरू नोका. भाजला होता, जंतू-बिंतू काही नाई." काका मला नंतर म्हणाले, "बत्तीस साल पार्सल में काम किया. हर डिब्बे पर नाम-पता रहता था. मेरे घर के डिब्बों पर नहीं है." दुसऱ्या दिवशी मॅडमनी घरातल्या सगळ्या बरण्यांवर 'खाऊ नये' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. घाईत लोणच्यावरही आणि काकांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांवरही.

कोणी त्यांना वेडी म्हणायचं, मुलं 'माती मॅडम' म्हणायची. त्यांना दोन्ही माहीत होतं. पण लोकांची पंचाईत अशी की बाई कधीकधी उपयोगी पडायची.

प्राचार्यांच्या मुलीचं लग्न होतं. मुलाकडची मंडळी रायपूरची. नवऱ्या मुलाची आई फिकट सायीच्या रंगाचं रेशीम नेसून जेवायला बसली आणि वाढप्याच्या बादलीतली पाटोडीच्या रश्शाची तर्री, तेलच सगळं, तिच्या पदरावर सांडली. पळापळ झाली. कोणी पाण्याचा तांब्या आणला, कोणी सोडा आणला.

"पानी लावू नोका!" मॅडम तीन पंगतींवरून ओरडल्या. सगळा मंडप थांबला. "तेल पान्यानं जात नाई. पान्यानं ते पसरते."

त्यांनी मला स्कूटरच्या डिकीतून पिशवी आणायला पिटाळलं. पिशवीत अर्थात माती. पांढरट, पावडरीसारखी चाळलेली. विहीणबाईंना उभं केलं, पदर दोघींच्या हातात ताणून धरायला लावला आणि डागावर माती थापली. म्हणाल्या, "आता अर्धा घंटा हलाचं नाई."

रायपूरच्या विहीणबाई मूर्तीसारख्या उभ्या. पदर पसरलेला, त्यावर मातीचा लेप. मागून आलेल्या पाहुण्यांना काय प्रकार आहे ते कळेना. एका म्हातारीने शेजारणीला विचारलं आणि तिने खात्रीने सांगितलं, की इकडे झाडीपट्टीत मुलाच्या आईला माती लावतात. म्हातारी उठली आणि विहीणबाईंना हळदकुंकू लावून आली. मग दुसरी गेली. मग रांगच लागली. कोणी अक्षता टाकल्या, कोणी नोट ओवाळली, फोटोग्राफरने दिवे लावून फोटो काढले. विहीणबाई प्रत्येकीला मान डोलवून हसत होत्या, कारण मॅडमने हलायला मनाई केली होती, बोलायलाही नको असा त्यांचा समज झाला होता.

अर्ध्या तासाने माती झाडली. तर्रीचं तेल मातीने ओढून घेतलं होतं. फक्त एक पिवळी झाक राहिली होती. मॅडम खजील झाल्या. म्हणाल्या, "वो हल्दी है जी. हल्दी को मिट्टी से ज्यादा रेशम पसंद है."

"तो क्या हुआ बहनजी," विहीणबाई म्हणाल्या, "मुझे भी है."

पण ज्या गोष्टीमुळे मी हे सगळं लिहायला बसले, ती त्यांच्या माहेरच्या तलावाची. अर्जुनीकडचं गाव. नाव सांगत नाही, उगाच लोक मासे घेताना विचारत बसतील. मॅडम माहेरच्या कापगते. ही कोहळी माणसं, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणारी. गावचा तलाव त्यांच्या पणजोबाच्या वेळचा, असं त्या सांगायच्या. आता पाणी वाटपाची समिती होती आणि तिचा अध्यक्ष त्यांचा धाकटा भाऊ, दामोदर. आवाज बहिणीपेक्षा मोठा, धीर बहिणीपेक्षा कमी.

दसरा होऊन गेला होता. एका सकाळी दामूभाऊचा फोन आला. मॅडमने स्पीकरवर लावला, त्यामुळे मलाही जिन्यात ऐकू आलं.

"बाई, लवकर ये वो! तलाव दुधावानी पांढरा झाला. मासे उलटे पडून राहिले!"

झालं होतं असं. फवारणीच्या औषधाची खोकी घेऊन एक छोटा टेम्पो तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, चालला होता. पुढे म्हैस आली, ड्रायव्हरने स्टिअरिंग फिरवलं आणि टेम्पो घाटाशेजारच्या कोपऱ्यात आडवा झाला. माणसाला खरचटलंही नाही. पण बाटल्या फुटल्या आणि तो सगळा कोपरा पांढरा झाला.

माझ्याकडे जुनी कार होती, म्हणून मी सारथी. रस्ताभर मॅडम एकच चौकशी करत होत्या, फोनवरून, पाच जणांना: "बाटलीवरचं नाव वाच." अखेर एकाने वाचलं. मॅडमनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "हे गाळाचं हाये."

"म्हणजे?"

"म्हंजे हे पान्यात रायनारं नाई. बसनार. फकत त्याले बसू द्याले पायजे."

गावात पोहोचलो तर पाळीवर जत्रा. 'तलावात जहर' हा निरोप मोबाइलवरून फिरत तिरोड्यापर्यंत जाऊन, वाटेत 'तीन गावं बेशुद्ध' होऊन परत आला होता. कृषी खात्याचे साहेब येऊन पाण्याचे नमुने घेऊन गेले होते. रिपोर्ट येईपर्यंत पाणी वापरू नका, असं सांगून गेले होते. आणि इथेच अडचण होती. हलकं धान कापणीला आलं होतं, पण भारी धान नुकतं निसवत होतं, म्हणजे लोंब्या बाहेर पडत होत्या. त्या वेळी पाणी तुटलं तर दाणा भरत नाही, लोंबी पोकळ राहते. रिपोर्टची वाट धान पाहणार नव्हतं.

दामूभाऊने तोडगा काढून ठेवला होता. तलावाचं दार, ज्याला तिकडे तुडूम म्हणतात, ते पूर्ण उघडायचं. खराब पाणी नाल्याला सोडून द्यायचं आणि वरच्या तलावातून ताजं घ्यायचं. तुडुमावर दोन माणसं चढलीसुद्धा होती.

"उतरा खाली!" मॅडम ओरडल्या.

"काऊन?" दामूभाऊ पुढे आला. "खराब पानी वाहून गेलं तं बेस नाई का?"

"वाहून कुठी जाईन? आभायात? खालच्या बोडीत जाईन. खालच्या बोडीवर कोनाची ढोरं पानी पेतेत? तुह्या सासऱ्याची!"

हशा पिकला. बोडी म्हणजे लहान तळं, आणि दामूभाऊचा सासरा खालच्या गावचा होता हे खरंच होतं. पण मॅडम हसत नव्हत्या. त्यांनी सांगितलं, की एवढा लोंढा सोडला तर तळ ढवळेल, गाळ उठेल, औषध त्या गाळावर बसून पुढे जाईल. नाल्याला, बोड्यांना, बांध्यांना म्हणजे धानाच्या शेतांना. आज एका कोपऱ्यात आहे ते उद्या सगळीकडे होईल. त्याऐवजी हा कोपरा पडद्याने अडवा आणि त्यात माती टाका.

"काय टाका?"

"माती. वाळलेला काळा गाळ. पाळीवर ढीग पडला हाये ना उन्हाळ्याचा? तो फोडून टाका. पानी गढूळ करा, अन् मंग हात नोका लावू. औषध गाळाले धरून खाली बसन."

दामूभाऊचा चेहरा लाल झाला. "बाई, आपल्या आज्याची जिंदगी गाळ काढन्यात गेली. माहा बाप गाळ काढून काढून वाकला. मी उन्हाळ्यात ऊन खाऊन हा गाळ काढला. अन् तू कॉलेजात शिकून येऊन मले सांगते, का तो परत टाक? तू आमचा तलाव बुजवाले आली का?"

"एक कोपरा बुजवाले आली."

"कापगत्याची पोरगी ना तू?"

"म्हनूनच आली. नाई तं गोंदियात मले काम नाई का?"

वाद बराच चालला. शेवटी तो मिटला मासे पकडणाऱ्या धिवरांच्या सोसायटीच्या अध्यक्षामुळे. तुळशीराम त्याचं नाव. तो म्हणाला, "तुडूम उघडलं तं माहे उरलेले मासेही गेले. मॅडमचं करून पाहू. नाई जमलं तं उघडाले कोन अडवते?" त्याचा स्वार्थ होता आणि तो त्याने लपवला नाही.

मग जे काम सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. पडद्याला कापड हवं. गावातल्या मंडपवाल्याने ताडपत्र्या दिल्या, त्या पुरल्या नाहीत म्हणून लग्नाच्या मंडपाच्या कनाती दिल्या. धिवरांनी त्या बांबूंना बांधून, खाली विटा लटकवून पाण्यात उभ्या केल्या. तलावाच्या कोपऱ्यात आडवं 'सुस्वागतम्' असं झळकू लागलं. समोर मेलेले मासे. पाळीवर बायापोरं ढेकळं फोडून टोपल्या भरतायत आणि मॅडम देवळाच्या लाउडस्पीकरवरून ओरडतायत, "मोठं ढेकूळ टाकू नोका! ढेकूळ डायरेक बुडते, काही धरत नाई! बारीक करा, पिठावानी! अरे, तो पोट्टा पोहून राहिला का तिथं? काढा त्याले!"

दामूभाऊ दूर निंबाखाली पाठ करून बसला होता. दर थोड्या वेळाने वळून पाहायचा आणि परत पाठ करायचा.

दोन दिवसांत कोपऱ्याचं पाणी निवळलं. आता ते चांगलं आहे हे पटवायचं कसं? मॅडमच्या माहितीच्या प्रयोगशाळेकडे नमुने गेले होते, पण गावाला कागदापेक्षा डोळ्यांनी दिसणारं काही हवं होतं. मॅडमनी ठरवलं, की पडद्याच्या आत आणि बाहेर बांबूच्या टोपल्यांत जिवंत मासे सोडायचे. औषधाला मासा सगळ्यांत आधी बळी पडतो. मासे जगले तर पाणी धानाला सोडायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव पाळीवर. बाहेरच्या टोपलीतले मासे जिवंत निघाले. मग तुळशीरामने आतली टोपली वर ओढली. मासे सगळे मेलेले.

दामूभाऊ निंबाखालून उठला. "झालं ना? झालं ना बाई?" तुडुमाकडे माणसं पळाली. कोणीतरी मोबाइलवर चित्रण करत होतं. मॅडमनी आयुष्यभर जे शिकवलं ते भावासमोर, गावासमोर खोटं ठरलं होतं. मी जवळ गेले, म्हटलं चला, जरा बसा. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि त्या टोपलीपाशी खाली बसल्या. बोटाने टोपलीचा तळ चाचपला, वर केला. तळाला वीतभर काळा चिखल.

"तुळशीराम, दोरी किती सोडली होती?"

"हातभर. रात्री गाठ सुटली असन. तळाले बसली होती टोपली."

मॅडमनी कपाळावर हात मारला. चिखलाची पाच बोटं उमटली. आणि त्या हसायला लागल्या. आधी हळू, मग इतक्या जोरात की तुडुमावर चढलेली माणसं थांबून पाहू लागली.

"अरे, मासे गाळात बसले होते! सारं जहर गाळात, अन् मी मासे नेऊन गाळात बसवले! इतके वर्सं झाले मी हेच शिकवून राहिली, अन् मीच विसरली!" मग उभ्या राहून त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "आता तं पक्कं झालं का जहर कुठी हाये. आता टोपली वर टांगा. एक दिवस अजून द्या मले."

दामूभाऊने एक दिवस दिला. का, ते त्याला कोणी विचारलं नाही. मला वाटतं, बहिणीच्या कपाळावरची ती पाच बोटं पाहून.

या वेळी टोपल्या पाण्यात वर, हातभर खोलीवर टांगल्या आणि गाठी तुळशीरामने स्वतः मारल्या. दुसऱ्या सकाळी टोपली ओढली तर मासे इतके उड्या मारत होते की एक दामूभाऊच्या सदऱ्यावर आदळला. पाळीवर आरोळी उठली. प्रयोगशाळेतूनही फोन आला, वरच्या पाण्यात काही सापडत नाही म्हणून. त्याच संध्याकाळी तुडूम उघडलं, पण मॅडमनी सांगितलं तसं, थोडं थोडं, तळ न ढवळता.

इथे गोष्ट संपली असती तर मॅडमला लोकांनी डोक्यावर घेतलं असतं. पण त्या थांबल्या नाहीत. पाणी सुटल्याच्या आनंदात तुळशीराम म्हणाला, "चला, उद्यापासून जाळं टाकतो."

"नाई," मॅडम म्हणाल्या.

"काऊन?"

"पानी तपासलं. मासा तपासला नाई. गाळात चरनारा मासा गाळातलं खाते. तपासून येईपर्यंत हा मासा कोनी खाचा नाई, विकाचा नाई."

तुळशीरामचा चेहरा पडला. "मॅडम, मी तुमच्या बाजूनं बोललो. माह्याच पोटावर पाय देऊन राहिल्या?"

हे मॅडमना लागलं. पण शब्द मागे घेतला नाही. त्या तशाच मातीच्या हातांनी चावडीत जाऊन बसल्या आणि समितीच्या लोकांना बोलावलं. म्हणाल्या, हे धान वाचलं ते धिवरांच्या डोंग्यांनी, त्यांच्या बांबूंनी, त्यांच्या गाठींनी. मासा बंद आहे तोवर, ज्याच्या ज्याच्या बांधीत हे पाणी गेलं त्याने धान निघाल्यावर धिवरांच्या घरी धान पोचवायचं. कुरकुर झाली. एक म्हणाला, माझी बांधी लहान आहे. मॅडम म्हणाल्या, तोंड तं मोठं हाये. एक म्हणाला, माझ्याकडे पाणी शेवटी आलं. मॅडम म्हणाल्या, "तं तू धान शेवटी दे, पन दे." अखेर सगळ्यांनी दामूभाऊकडे पाहिलं. अध्यक्ष तो. त्याचीच बांधी सगळ्यांत मोठी.

दामूभाऊने छताकडे पाहिलं. मग म्हणाला, "माहं पयलं पोतं लिहा. अन् या बाईले कोनीतरी गोंदियाच्या गाडीत बसवा."

आम्ही निघालो. बहीण-भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत.

कोपऱ्यातला गाळ पुढे पाणी उतरल्यावर काढायचा आणि शेतात न टाकता गावाबाहेर पक्क्या खड्ड्यात पुरायचा, असं मॅडमनी बजावलं होतं. हाच गाळ दामूभाऊच्या बांधीत जायचा होता. त्यामुळे त्याचा राग दुप्पट. भाऊबीज आली. मॅडम म्हणाल्या, "चल वो, गाडी काढ." काका म्हणाले, "संभालके. भाई ओवाळणी नहीं देगा, पटकेगा."

दामूभाऊ पाटावर बसला, पण तोंड भिंतीकडे. मॅडमनी ताट घेऊन दोन मिनिटं वाट पाहिली. मग म्हणाल्या, "दामू, तोंड इकडे कर. कुंकू कानाले लागन."

"लागू दे."

मॅडमनी खरंच कानाला कुंकू लावलं. वर अक्षता चिकटवल्या. दामूभाऊची बायको आत तोंडाला पदर लावून हसत होती. दामूभाऊने कानाला हात लावला, बोटाकडे पाहिलं आणि त्यालाही हसू फुटलं. हसता हसता वळला. ओवाळून झाल्यावर आत गेला आणि खांद्यावर एक गोणी घेऊन आला.

"तुले साडी नोको ना? हे ने. माह्या सगळ्यात चांगल्या बांधीची कन्हार हाये. भाज, कूट, काहीही कर."

मॅडमनी गोणीचं तोंड सोडलं, मूठभर काळी माती नाकाशी नेली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. भावाकडून मिळालेली ओवाळणी म्हणून, की माती फार चांगली होती म्हणून, मला सांगता येणार नाही. माशांचा रिपोर्ट नंतर आला, मासा खायला हरकत नाही असा. तोवर तुळशीरामच्या लोकांनी नवीन बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली होती.

मॅडम निवृत्त झाल्या. मीही पुढे वेगळ्या घरात राहायला गेले. भेटी कमी झाल्या.

शेवटचं त्यांना पाहिलं ते एका दुपारी. मी पॅसेंजरने रायपूरकडे चालले होते. दरेकसाला गाडी थांबवून ठेवली, पुढे मालगाडी सोडायची होती म्हणून. लहानसं स्टेशन, चारी बाजूंनी डोंगर आणि जंगल. समोरच्या फलाटावर, बाकावर, पदर खोचलेल्या हातझाडे मॅडम. शेजारी दोन थैल्या आणि काका, डुलकी घेत असलेले. मी खिडकीतून हाक मारली. त्यांनी पाहिलं, ओळखलं आणि उभ्या राहिल्या. थैलीत हात घालून काहीतरी काळं वर काढलं, मला दाखवलं आणि बोलायला लागल्या. तेवढ्यात दोघींच्या मधल्या रुळावरून मालगाडी धडधडत आली. एक शब्द ऐकू येईना. डब्यांच्या मधल्या फटींतून त्या दिसत होत्या, एकदा हात वर, एकदा मान डावीकडे, एकदा मूठ मिटलेली, एकदा उघडलेली. थांबल्या नाहीत. मला काही ऐकू येत नसेल असं त्यांच्या मनातही आलं नसावं. कोळशाचे डबे संपता संपेनात आणि त्यांचं बोलणंही.

शेवटचा डबा गेला. एकदम शांत झालं. त्यांचं नेमकं शेवटचं वाक्य तेवढं माझ्यापर्यंत आलं.

"समजलं ना?"

माझी गाडी हलली. मी खिडकीतून ओरडून सांगितलं, "समजलं, मॅडम!"

त्या समाधानाने खाली बसल्या.

त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत.